वाचकांचे प्रश्न : स्फोट दिसला, पण तारा कोणता?

प्रश्न : नमस्कार मॅडम. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला. तेव्हापासून आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळात त्यांच्या संशोधनावर टिपणं काढायचं काम चालू आहे. एका जुन्या लेखात वाचलं की ‘सॉफ्ट गॅमा रिपीटर १८०६-२०’ हा एका अतिनवताऱ्याच्या (सुपरनोव्हाच्या, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याच्या) अवशेषात आहे, असं त्यांनी १९९३ मध्ये दाखवलं. नंतरच्या एका लेखात मात्र तो तेजोमेघ त्या रिपीटरचा नव्हेच, असं म्हटलं आहे. मुलांना काय सांगू? आणि मुळात क्षणभर चमकून गेलेला गॅमा किरणांचा स्फोट आणि क्ष-किरणांच्या दुर्बिणीत दिसणारा एक मंद ठिपका, ही एकाच ताऱ्याची कामं आहेत हे ठरवतात कशावरून?
– एक शिक्षक, जयसिंगपूर

उत्तर : सर, मुलांना दोन्ही सांगा, आणि ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगा. पहिला लेख त्या वेळच्या पुराव्याला धरून होता, दुसरा त्याहून बारीक पुराव्याला धरून आहे. पुरावा बारीक करत नेणाऱ्यांमध्ये स्वतः कुलकर्णीही होते. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त भावतं ते हे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गॅमा किरणांचे बहुतेक स्फोट एकदाच होतात. त्या जागी पुन्हा स्फोट होत नाही. रिपीटर मात्र पुन्हा पुन्हा उसळतात. एक उसळी साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी. कधी काही आठवडे नुसती झुंबड, मग वर्षानुवर्षं शांतता. त्यांच्या किरणांची ऊर्जाही नेहमीच्या गॅमा स्फोटांपेक्षा कमी, क्ष-किरणांच्या हद्दीला लागूनच.

५ मार्च १९७९ रोजी व्हेनेरा ११ आणि १२ ही सोव्हिएत यानं शुक्राचं काम उरकून सूर्याभोवती फिरत होती. त्यांच्यावरच्या मापकांवर गॅमा किरणांचा एवढा मोठा लोट आदळला की मापकांची मोजायची ताकदच संपली. पाठोपाठ तो हेलिओस २ ला, शुक्राभोवतीच्या पायोनिअरला आणि पृथ्वीजवळच्या उपग्रहांना जाणवला. सुरुवातीचा झटका सेकंदाच्या पाचव्या भागाचा. त्यामागे सुमारे तीन मिनिटं ओसरत गेलेली शेपटी, आणि त्या शेपटीत दर आठ सेकंदांनी एक चढ. दुसऱ्याच दिवशी त्याच जागेवरून आणखी एक, लहान स्फोट आला.

जागा कशी काढली? लाट एका यानाला आधी लागली, दुसऱ्याला नंतर. दोन यानांच्या वेळांतल्या फरकावरून आकाशावर एक वर्तुळ आखता येतं आणि स्फोट त्या वर्तुळावर कुठेतरी असतो. तिसरं यान दुसरं वर्तुळ देतं. जिथे वर्तुळं एकमेकांना छेदतात तिथे पाहायचं. १९७९ ची वर्तुळं छेदली ती मोठ्या मॅजेलनच्या मेघात, म्हणजे शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं दूर, एन ४९ नावाच्या अतिनवताऱ्याच्या अवशेषावर. त्या एका स्फोटामुळे ‘अवशेष सापडला की रिपीटरचं घर सापडलं’ ही कल्पना रुजली. पुढची वीस वर्षं शोध बराचसा त्याच वाटेने झाला.

आता क्ष-किरणच का? स्फोट संपला की गॅमा किरणांत काही उरत नाही. पण रिपीटर हा न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा. त्याचा पृष्ठभाग लाखो अंश तापलेला असतो, त्यामुळे स्फोट नसतानाही तो क्ष-किरणांत मंद उजळत राहतो. शिवाय क्ष-किरण आरशाने एका ठिकाणी आणता येतात, अट एवढीच की ते आरशाला जवळजवळ समांतर यायला हवेत. तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी सपाट फेकली तर ती उड्या मारत जाते आणि उभी टाकली तर बुडते, तसंच. म्हणून क्ष-किरणांच्या दुर्बिणीत आरसे एकात एक घातलेल्या नळकांड्यांसारखे असतात. जपानच्या ‘आस्का’ उपग्रहाच्या प्रत्येक दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे १२० थर होते. हलकी आणि प्रकाश भरपूर गोळा करणारी व्यवस्था. पण चित्र थोडं पसरट. हा पसरटपणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एसजीआर (सॉफ्ट गॅमा रिपीटर) १८०६-२० हा धनू राशीत, ट्रिफिड तेजोमेघाच्या सुमारे अडीच अंश उत्तरेला. १९८३ मध्ये त्याने शंभरावर स्फोट केले आणि ते पाहूनच हा वेगळा वर्ग आहे, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं. त्या दिशेला आकाशगंगेची धूळ इतकी दाट आहे की साध्या प्रकाशात तिथलं काही दिसत नाही. कुलकर्णी आणि डेल फ्रेल यांनी अमेरिकेतल्या ‘व्हीएलए’ या रेडिओ दुर्बिणीने ती जागा तपासली आणि यानांच्या वर्तुळांनी दाखवलेल्या पट्ट्यात जी १०.०-०.३ हा रेडिओ तेजोमेघ बसतो, असं १९९३ मध्ये दाखवलं. एन ४९ च्या धर्तीवर तो अतिनवताऱ्याचा अवशेष मानला गेला. तुमच्या जुन्या लेखातली गोष्ट ती हीच.

पण आकाशगंगेच्या पट्ट्यात गर्दी फार. एखादी गोष्ट दिलेल्या जागेत सापडली, एवढ्यावर ती स्फोटाशी जोडलेलीच आहे असं म्हणता येत नाही. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे तेव्हा प्रयोगशाळेत दोन गायगर नळ्या एकीवर एक ठेवून वैश्विक किरण मोजायचा प्रयोग असे. नुसत्या एका नळीची टिकटिक काहीही असू शकते, भिंतीतला किरणोत्सर्गसुद्धा. दोन्ही नळ्यांनी एकाच क्षणी टिक् केलं, तरच ते एकाच कणाचं काम. मुलं नळ्यांची जागा फार काळजीने जुळवायची आणि वेळेच्या सर्किटकडे दुर्लक्ष करायची. मी त्यांना आधी सर्किट तपासायला लावायचे.

९ ऑक्टोबर १९९३ ला दोन नळ्यांनी एकाच क्षणी टिक् करावं, नेमकं तसंच घडलं. रिपीटर बऱ्याच शांततेनंतर पुन्हा जागा झाल्याचं कॉम्प्टन उपग्रहावरच्या ‘बॅट्सी’ या गॅमा किरणांच्या मापकाने कळवलं होतं. आस्काची दुर्बीण त्या दिशेला वळवली गेली. तिथे एक मंद, स्थिर क्ष-किरण स्रोत दिसत होता. तेवढ्यावर फार तर ‘उमेदवार’ म्हणता आलं असतं. आस्का पाहत असतानाच एक स्फोट झाला. पृथ्वीभोवती दुसरीकडे फिरणाऱ्या बॅट्सीनेही त्याच क्षणी तो टिपला. मग तोशिओ मुराकामी आणि कुलकर्णींसह त्यांच्या सहकाऱ्यांनी आस्काच्या नोंदीतून त्या स्फोटाचे क्ष-किरण वेगळे काढले आणि ते चित्रात कुठे पडले ते पाहिलं. ते त्या मंद ठिपक्यावरच पडले होते. जागा तीच आणि क्षणही तोच. १९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये तो निबंध आला तेव्हा हा रिपीटर क्ष-किरणांत ओळखला गेला, आणि मला वाटतं, या सगळ्या शोधातली सर्वांत भक्कम नोंद हीच आहे.

त्याच वर्षी एन ४९ मध्येही ठिपका सापडला. तिथली अडचण उलटी होती : अवशेष स्वतःच क्ष-किरणांत झगझगीत असल्याने त्यातला तारा बुडून जायचा. रोसॅट उपग्रहाच्या बारीक चित्रात रॉथशिल्ड, कुलकर्णी आणि लिंगेनफेल्टर यांना तो वेगळा दिसला. पण वेळेचा पुरावा तिथे नव्हता. ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीने पुढे त्या ठिपक्यात सुमारे ८.०४ सेकंदांचा ठोका (ताऱ्याच्या फिरण्याबरोबर होणारा उजेडाचा नियमित चढउतार) मोजला, म्हणजे १९७९ च्या शेपटीतला तोच आठ सेकंदांचा चढ. ते छापून आलं २००३ मध्ये.

ठोक्याचं महत्त्व १८०६-२० च्या बाबतीत आणखी ठळक आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये ख्रिसा कूव्हेलिओटू आणि सहकाऱ्यांनी ‘आरएक्सटीई’ उपग्रहाने ७.४७ सेकंदांचा ठोका शोधला. पण आरएक्सटीईचं मुख्य उपकरण चित्र काढत नाही. ते आकाशाचा सुमारे एक अंशाचा तुकडा एकत्र मोजतं. म्हणजे ठोका शेजारच्या एखाद्या दुसऱ्याच पल्सारचाही (असेच ठोके देणाऱ्या फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याचाही) असू शकला असता. मग त्यांनी आस्काची १९९३ ची साठवलेली नोंद उघडली, फक्त त्या ठिपक्याचे किरण घेतले आणि त्यात तोच ठोका शोधला. तो मिळाला. तीन वर्षांपूर्वी मात्र तो ७.४६८५ सेकंदांचा होता, आता ७.४७६६ चा. तारा वर्षाला २.६ मिलिसेकंदांनी मंदावत होता. एवढ्या वेगाने मंदावायला सुमारे ८ गुणिले दहाचा चौदावा घात एवढ्या गॉसचं चुंबकीय क्षेत्र लागतं. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं. रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्टोफर थॉम्पसन यांनी १९९२ मध्ये कागदावर मांडलेला ‘मॅग्नेटार’, म्हणजे अतिप्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा, १९९८ मध्ये असा हाती आला.

आता तुमच्या दुसऱ्या लेखाकडे. आस्काच्या चित्राचा पसरटपणा आठवा. तिची जागा साधारण एका आर्कमिनिटाइतकी नेमकी, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीचा तिसावा भाग. त्या छोट्या वर्तुळात रेडिओ मेघाचा गाभाही होता आणि १९९५ मध्ये कुलकर्णींच्याच गटाला अवरक्त किरणांत सापडलेला एक प्रचंड तेजस्वी ताराही. तिन्ही एकच, असं समजणं तेव्हा स्वाभाविक होतं. केव्हिन हर्ली यांनी यानांच्या वर्तुळांची नवी, बारीक मोजणी करून १९९९ मध्ये शंका काढली की रिपीटर गाभ्यावर नेमका बसत नाही. मग डेव्हिड कॅप्लन यांच्या पुढाकाराने ‘चंद्रा’ दुर्बिणीने नेम धरला. तिची अचूकता एका आर्कसेकंदाच्या (आर्कमिनिटाच्या साठाव्या भागाच्या) आतली. रिपीटर मेघाच्या गाभ्यापासून १४ आर्कसेकंद बाजूला निघाला. मेघ त्या तेजस्वी ताऱ्याच्या वाऱ्याने फुगलेला, रिपीटर त्याचा शेजारी. २००२ च्या त्या निबंधाच्या लेखकांत कुलकर्णी आहेत, फ्रेल आहेत. ज्यांनी १९९३ मध्ये मेघ रिपीटरला जोडला, त्यांनीच तो सोडवला.

म्हणून मुलांच्या टिपणात असं लिहा : क्ष-किरण ठिपक्याची ओळख १९९३ पासून आजवर टिकली, कारण ती एकाच क्षणाच्या दोन नोंदींवर आणि ठोक्यावर उभी होती. मेघाची ओळख नुसत्या जवळिकीवर उभी होती, ती टिकली नाही. दोन्ही वाक्यांत कुलकर्णींचं नाव येऊ द्या.

प्रश्न : अशा स्फोटांचा पृथ्वीवर परिणाम होतो का? काळजीचं कारण आहे का?
– एक गृहिणी, चिपळूण

उत्तर : परिणाम होतो; काळजीचं कारण नाही. २७ ऑगस्ट १९९८ ला एसजीआर १९००+१४ ने महास्फोट केला तेव्हा प्रशांत महासागरावर रात्र होती. वातावरणाच्या वरच्या थरातलं आयनीभवन काही मिनिटं दिवसाच्या पातळीला पोचलं आणि अतिदीर्घ रेडिओलहरींच्या नोंदीत ५.१६ सेकंदांची लय उमटली, म्हणजे त्या ताऱ्याच्या फिरण्याची लय. २७ डिसेंबर २००४ ला १८०६-२० ने केलेला स्फोट त्याहून कितीतरी मोठा. त्याचा चंद्रावरून परतलेला प्रतिध्वनीसुद्धा पृथ्वीजवळच्या एका रशियन उपग्रहाने मोजला. पण हे सगळं घडलं हजारो प्रकाशवर्षांवर. जमिनीवरच्या माणसाला वातावरणाचं पांघरूण पुरेसं आहे.

प्रश्न : या शोधात भारतातल्या दुर्बिणींचा काही वाटा आहे का?
– एक निवृत्त अभियंता, नारायणगाव

उत्तर : तुमच्या गावाजवळच आहे. २००४ च्या महास्फोटानंतर त्या जागी एक नवा रेडिओ स्रोत उगवला. तो दिवसागणिक मावळत असताना खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने कमी वारंवारतांवर त्याची मोजणी केली. मोठ्या दुर्बिणी बहुधा जास्त वारंवारतांवर पाहतात, त्यामुळे ही बाजू जीएमआरटीमुळेच भरली गेली. कॅमेरॉन, पूनम चंद्र, अलक राय, कुलकर्णी आणि इतरांचा तो निबंध २००५ च्या ‘नेचर’मध्ये आहे.

क्ष-किरणांत आपली ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेली. तिची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) बनली, आणि आरसे पुन्हा पातळ पत्र्यांचे, एकात एक, आस्काच्याच घराण्यातले. ऑक्टोबर २०२० मध्ये एसजीआर जे१८३०-०६४५ हा नवा मॅग्नेटार सापडला तेव्हा ॲस्ट्रोसॅटने त्याचे ६७ लहान क्ष-किरण स्फोट टिपले, सरासरी ३३ मिलिसेकंदांचे. अशा उसळ्यांची वेळ मिलिसेकंदांत नोंदवता येणं, ही आपल्या उपकरणाची मोठी कमाई आहे.

त्याच वर्षी वेळेच्या पुराव्याने आणखी एक जुना प्रश्न पुढे सरकला. २८ एप्रिल २०२० ला एसजीआर १९३५+२१५४ मधून रेडिओ लहरींचा एक अतितीव्र, मिलिसेकंदांचा झटका आला. कॅनडातल्या ‘चाइम’ आणि अमेरिकेतल्या ‘स्टेअर२’ या दोन्ही रेडिओ दुर्बिणींनी तो पकडला. अशा झटक्यांचा उगम तोवर अंधारात होता. रेडिओ लहरी वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे काही सेकंद उशिरा पोचतात. तो उशीर वजा केल्यावर रेडिओतली दोन शिखरं आणि चीनच्या इनसाइट उपग्रहाने नोंदलेली क्ष-किरणांतली दोन शिखरं एकमेकांवर बसली. दोन शिखरांमधलं अंतर साधारण ३० मिलिसेकंद. एवढं जुळल्यावर तो झटका मॅग्नेटारचाच होता, यात शंका उरली नाही. स्टेअर२ च्या निबंधावरही कुलकर्णींचं नाव आहे. जयसिंगपूरच्या सरांनी हेही टिपून घ्यावं.

प्रश्न : मी एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी यातलं काही घरच्या कॉम्प्युटरवर करता येईल का?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : येईल, आणि अवश्य कर. नासाच्या ‘हीसार्क’ संग्रहात आरएक्सटीई आणि आस्का या दोघांच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत. पैसे लागत नाहीत, परवानगीही लागत नाही. आरएक्सटीईच्या नोव्हेंबर १९९६ च्या १८०६-२० च्या नोंदीपासून सुरू कर. प्रत्येक किरण कधी आला त्याची वेळ त्यात आहे.

पहिलं काम म्हणजे वेळा सौरमालेच्या गुरुत्वमध्यावर आणणं. पृथ्वी आणि उपग्रह दोन्ही फिरत असतात, त्यामुळे मूळ वेळांत काही मिनिटांपर्यंतची वाढघट असते. ही दुरुस्ती न करता मुलं थेट ठोका शोधायला बसतात आणि त्यांना फिस्कटलेलं शिखर मिळतं. दुसरं काम म्हणजे स्फोट वगळणं. एकेका स्फोटात इतके किरण येतात की मंद ठोका त्यात हरवतो. मग ७.४ ते ७.५ सेकंदांमधला एकेक कालावधी घेऊन नोंद त्या घडीने दुमडायची, आणि दुमडलेला आलेख सपाट रेषेपासून सर्वांत जास्त कधी हलतो ते पाहायचं. त्यासाठी संख्याशास्त्रातली काय-वर्ग (χ²) चाचणी पुरते. ७.४७६६ च्या आसपास शिखर आलं की आस्काची १९९३ ची नोंद घे. तिथे तुला चित्रही मिळेल. त्यातून ठिपक्याभोवतीचं छोटं वर्तुळ कापून फक्त त्यातले किरण वापर. ७.४६८५ जवळ दुसरं शिखर येईल. दोन्ही कालावधींची वजाबाकी कर, मधल्या तीन वर्षं आणि थोड्या काळाने भाग, आणि येणारा आकडा २.६ मिलिसेकंदांशी ताडून बघ. आकड्याबरोबर त्यातली अनिश्चितताही काढ, आणि दोन्ही मला पाठव.